डिंगोऱ्याची पुल रिक्वेस्ट

डिंगोऱ्याच्या पाणी संस्थेसाठी मी एक प्रोग्रॅम लिहिला, त्यात माझं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. चूक पुढे झाली. तो चालला. न चालणारा प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला लोक चार दिवस हसतात आणि सोडून देतात. चालणारा लिहिला, की सोडत नाहीत.

जुन्नरला जुन्या एसटी स्टँडच्या मागे, पहिल्या मजल्यावर माझा कॉम्प्युटर क्लास आहे. 'अन्सारसर' म्हटलं की कुणीही जिना दाखवतं. तिकडे डिंगोऱ्याला नदीवर एक पंप, एक पाइपलाइन आणि एकेचाळीस सभासद असा कारभार. कुणाच्या शेतात पाणी कधी, म्हणजे कुणाची बारी कधी, हे पूर्वी चेअरमन सयाजीराव फोन करकरून सांगत. त्यांचा घसा बसला, की गावाचं पाणी बसे. माझ्या प्रोग्रॅमनं ते काम अंगावर घेतलं. बारीच्या अर्धा तास आधी सभासदाच्या मोबाइलवर आपोआप मेसेज: 'सन्माननीय सभासद, आपणांस कळविण्यात येते की, आपली बारी अमुक वाजता सुरू होत असून आपण व्हॉल्व्हजवळ उपस्थित राहावे, ही विनंती.' हा मजकूर मी आठवडाभर घासून तयार केला होता. त्यातले दोन दिवस 'असून' कुठे घालायचं यातच गेले.

मग फोन सुरू झाले. "सर, सकाळचं माझं दूध असतं, मला अकराच्या पुढं टाका." "सर, नंबर बदलला." "सर, त्याच्या नावाफुडं श्री हाय, माझ्या का न्हाई?" मी टाकत गेलो. जुनी फाईल तशीच ठेवून दर वेळी नवी करायची, ही माझी सावध पद्धत. 'बारी नवी', 'बारी नवी खरी', 'बारी अंतिम', 'बारी अंतिमनंतरची'. जानेवारीतल्या एका मंगळवारी माझ्या हातून यातली भलतीच चालू झाली आणि सयाजीराव व त्यांचे चुलतभाऊ गोरखराव या दोघांनाही एकाच वेळी एकच बारी लागली.

या दोघांचं बांधावरून तीस वर्षं बोलणं नाही. त्या दिवशी मात्र ते व्हॉल्व्हजवळ चांगला अर्धा तास बोलले. काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण दोघांच्याही बोलण्यात माझं नाव होतं. एवढ्या एका मुद्द्यावर त्यांचं एकमत झालं, असं ऐकणारे सांगतात.

दुसऱ्या दिवशी सयाजीराव जिना चढून आले. बरोबर त्यांची सून आरती. आरती माझी विद्यार्थिनी. हिला माउस धरायला मी शिकवलं, हे मी गेली बारा वर्षं प्रत्येक बॅचला सांगत आलोय. आता ती पुण्यातल्या एका कंपनीचं काम डिंगोऱ्यातल्या घरातूनच करते.

"सर," ती म्हणाली, "सगळ्या फाईली एका जागी ठेवू. खरी प्रत एकच. ज्याला बदल हवा त्यानं आपली वेगळी प्रत काढायची, तिच्यात बदल करायचा आणि मग रिक्वेस्ट टाकायची, की माझा बदल खऱ्या प्रतीत ओढून घ्या. म्हणून पुल रिक्वेस्ट. दोघांनी तपासून मान्य केली, की बदल आत जातो. त्याला मर्ज म्हणायचं. कुणी काय बदललं, कधी बदललं, सगळं कायम दिसत राहतं."

मी जाणत्या माणसासारखी मान हलवली. 'एका जागी ठेवू' इथपर्यंत मला समजलं होतं.

"ठिवायचं कुटं पर?" सयाजीरावांनी विचारलं.

"मोठ्या कंपन्यांच्या जागा असतात इंटरनेटवर. अमेरिकेतल्या."

सयाजीरावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. ते असं करतात तेव्हा विषय गंभीर असतो. "म्हंजी आमच्या गावाच्या बाऱ्या अमेरिकेत? उद्या गोरख सभेत उठून म्हनंल, सयाजीनं पानी परदेशात न्हेऊन ठिवलं. मी काय त्वांड दावू? न्हाई आरती, आपलं पानी आपल्या तालुक्यात पायजे."

तालुक्यात राहील असं एकच ठिकाण तिघांनाही सुचलं. माझ्या क्लासातला कोपऱ्यातला जुना कॉम्प्युटर. आरतीनं दोन दिवस बसून त्यावर ते सगळं घर मांडलं. आत लॉग-इन होतं, नावं होती, हिरव्या-लाल रेघा होत्या. "सर, हा आता तुमचा सर्व्हर," ती म्हणाली. सर्व्हर! मी त्याच्यावरची धूळ स्वतःच्या रुमालानं पुसली.

घरी जेवताना मी सिताराला, म्हणजे माझ्या बायकोला, सहज ऐकू जावं असं म्हणालो, "आज पहिला मर्ज झाला." आमच्या घरात निम्मी मराठी आणि निम्मी आमची हिंदी चालते, आणि तिथे मर्ज म्हणजे दुखणं. तिनं हातातली पोळी ठेवली. "किसको हुआ? कधीपासून?" मी समजावलं, की बदल एकमेकांत मिसळतात त्याला मर्ज म्हणतात. तिनं माझ्या कपाळाला हात लावला.

आता हा कॉम्प्युटर डिंगोऱ्याहून उघडायचा तर त्याला इंटरनेटवर कायमचा पत्ता लागतो. केबलवाल्याच्या ऑफिसात काउंटरवर एक मुलगी होती. मी म्हटलं, "कायमचा पत्ता पाहिजे." ती म्हणाली, "आधार कार्ड आणि लाइट बिल आणा." मी म्हटलं, "माझा नव्हे, कॉम्प्युटरचा." तिनं शांतपणे विचारलं, "कॉम्प्युटर तुमच्याकडे भाड्यानं राहतो का?" मी चार खेपा घातल्या. पाचव्या खेपेला पत्ता मिळाला. मिळालेला पत्ता म्हणजे नुसते आकडे, त्यात ना गल्ली ना पेठ. तो बरोबर आहे की नाही हे मला कळणं शक्यच नव्हतं.

या सगळ्यात मला सल्ला देत होते हौशीराम. हे माझे खालच्या मजल्यावरचे शेजारी. निवृत्त अव्वल कारकून. रोज सकाळी पेपर घेऊन क्लासातल्या पंख्याखाली बसतात. रिक्वेस्ट म्हणजे विनंती अर्ज, एवढं कळल्यावर त्यांना निवृत्तीनंतर प्रथमच उत्साह आला. "अन्सारभाई, आवक क्रमांक कुठे? विषय कुठे? संदर्भ कुठे? मी आंबेगाव तालुक्यात होतो तेव्हा आहुप्याहून एक म्हातारा अर्ज घेऊन यायचा. तीनदा परत पाठवला त्याला. चौथ्यांदा तो असा अर्ज घेऊन आला, असा अर्ज... मी तो सगळ्या कचेरीला वाचून दाखवला." म्हाताऱ्याचं काम झालं का, हे मी विचारलं. ते त्यांना आठवत नव्हतं.

नियम मात्र आम्ही दोघांनी मिळून केले. तपासणारे तिघे: सयाजीराव, गोरखराव आणि मी. मान्यता दोघांची हवी. आपल्या घरातल्या माणसाच्या रिक्वेस्टला आपण मान्यता द्यायची नाही. आणि खऱ्या प्रतीला कुणीही, अगदी कुणीही, परस्पर हात लावायचा नाही. हे 'अगदी कुणीही' मी आग्रहानं घालायला लावलं. गोरखराव माझ्या डोळ्यांपुढे होते.

सयाजीरावांनी हे नियम संस्थेच्या सभेत वाचून दाखवले. "यापुढं कुनाला काय पायजे आसंल तर सरांना फोन करायचा न्हाई. सरळ पुल रिक्वेस्ट टाकायची. जुन्नरला, सरांच्या क्लासात."

सभेनं फक्त 'पूल' ऐकला. 

डिंगोऱ्यात एक ओढा आहे, त्याच्या पलीकडे काही घरं आणि शेतं आहेत, आणि पावसाळ्यात तिकडच्यांचे हाल होतात. चार दिवसांत माझ्या क्लासात पुलाच्या मागणीचे एकोणीस अर्ज आले. तीन अर्जांना नकाशे जोडले होते. एकानं पुलाला आजोबांचं नाव द्यावं असं सुचवलं होतं. एका बातमीदाराचा फोन आला, "सर, पूल किती मीटरचा?" मी म्हटलं, "अहो, पुल म्हणजे ओढणं!" तो म्हणाला, "म्हणजे रोपवे का?" शनिवारी डिंगोऱ्याच्या फाट्यावर फ्लेक्स लागला. त्यावर माझा क्लासच्या जाहिरातीतला फोटो आणि खाली 'पुलाचे शिल्पकार'. तो उतरवण्यासाठी ज्यांनी लावला त्यांना गाठायला हवं होतं, आणि तो कुणी लावला हे गावात कुणालाच माहीत नव्हतं.

अर्ज आणणाऱ्यांत एक ठकूबाई होती. सत्तरीची, एकटी राहणारी, ओढ्यापलीकडे पाऊण एकर रान. पाइपलाइनीवरचा अगदी शेवटचा व्हॉल्व्ह तिचा. जिना चढून दम लागला होता. मी तिला पाणी दिलं आणि हा पूल तो पूल नव्हे, हे सांगितलं.

"ऱ्हाऊं द्या पूल," ती म्हणाली. "आमी जलमभर ओढ्यातनंच आलो. पर मास्तर, माझा फोन वाजंना झालाय. दोन मंगळवार झालं. कांदा पिवळा पडाय लागलाय वो."

मी तिच्यासमोर सर्व्हर उघडला. प्रोग्रॅम काम संपल्यावर शेवटी एक ओळ लिहितो, ती आली होती: 'सर्व मेसेज यशस्वीरीत्या पाठविले.' मी ती ओळ बोटानं दाखवली. "हे बघा. सर्व. सर्व म्हणजे त्यात तुम्ही आलात. तुमच्याकडे रेंज नसेल."

तिनं स्क्रीनकडे खूप वेळ बघितलं. "आसंल," ती म्हणाली, आणि जिना उतरून गेली.

शुक्रवारी सर्व्हरवर पहिली खरीखुरी पुल रिक्वेस्ट आली. आरतीची. विषय: 'ठकूबाईंची बारी गळते आहे.' मी ती उघडली आणि माझ्या कानशिलांना घाम आला. मी लिहिलेली एक ओळ लाल करून तिच्यावर काट मारली होती, आणि खाली तिची हिरवी. खाली लिहिलं होतं: 'प्रोग्रॅम यादीतल्या शेवटच्या नावाआधीच थांबतो. कृपया तपासावे.' आणि हे सगळं उघड्यावर! हौशीराम माझ्या खांद्यावरून वाचत होते. "मुलीनं विषय चांगला लिहिलाय," ते म्हणाले.

मी उत्तर टाकलं: 'चि. आरती हिस अनेक आशीर्वाद. सदर ओळ गेले एक वर्ष विनातक्रार कार्यरत असून तीत बदलाची आवश्यकता दिसत नाही. कळावे.' तिनं खाली लिहिलं: 'सर, एकदा मोजून बघा ना.'

मी मोजलं. बोटं ठेवून मोजलं. यादीत एकेचाळीस नावं, प्रोग्रॅम चाळिसाव्याला थांबत होता. मग वर्षभर ठकूबाईला मेसेज कसा जात होता? यावर मी दुपारभर डोकं धरून बसलो, आणि मग आठवलं. यादीच्या शेवटी एक मोकळी ओळ होती. प्रोग्रॅम वर्षभर त्या मोकळ्या ओळीलाच वगळत होता, आणि त्यामुळे कुणाचंच काही बिघडत नव्हतं. आरती फाईली सर्व्हरवर न्यायला आली, तेव्हा पाहुणे यायच्या आधी घर आवरावं तशी मी ती मोकळी ओळ काढून टाकली होती. त्यानंतर शेवटची ठकूबाई. आणि 'सर्व मेसेज यशस्वीरीत्या पाठविले' ही ओळ? ती मीच लिहिलेली. काहीही झालं तरी ती छापली जाते. एकही मेसेज गेला नसता तरी छापली असती.

अशा वेळी शहाण्या माणसानं काय करावं हे मला ठाऊक होतं. आरतीची रिक्वेस्ट मान्य करायची. पण मी म्हटलं, आपणच गुपचूप दुरुस्त करून टाकावं, म्हणजे तिच्या रिक्वेस्टीला अर्थच उरणार नाही. मी दार लोटलं, खऱ्या प्रतीत बदल केला आणि पाठवला. सर्व्हरनं तो परत दिला. 'आपल्याला परवानगी नाही.' माझा क्लास, माझा कॉम्प्युटर, माझी वीज, मी पुसलेली धूळ, आणि मला परवानगी नाही. 'अगदी कुणीही'मध्ये मीही येतो, हे नियम करताना माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

शनिवार-रविवार मी रिक्वेस्ट उघडत होतो आणि मिटत होतो. मधल्या काळात तिच्याखाली एकतीस अभिप्राय जमले. त्यात एकानं लग्नाची पत्रिका टाकली होती, आणि दोघांनी पुलाचं काय झालं ते विचारलं होतं. सगळ्यात कहर केला गोरखरावांनी. रिक्वेस्ट सयाजीच्या घरातून आलेली, म्हणजे त्यात काळंबेरं असणारच, म्हणून त्यांनी ती नामंजूर केली. वर मोबाइलवरून स्वतःचीच एक रिक्वेस्ट टाकली: 'माझी बारी मंगळवारी आठ ते अकरा न लिहिता आठ ते एक लिहावी, कारण पानी तसंच चालू आसतं.' दोन्ही रिक्वेस्टी एकाच फाईलमधल्या लागून असलेल्या ओळींना हात घालत होत्या, म्हणून सर्व्हरनं लाल अक्षरांत कळवलं, की कॉन्फ्लिक्ट आहे. मी ते सयाजीरावांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "त्यात नवीन काय? आमच्या आज्याच्या वक्तापास्नं हाय."

पाणी एकपर्यंत तसंच चालू कसं असतं, हा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता. पडला नाही. माझं लक्ष लाल ओळीकडे होतं.

सोमवारी सितारानं जेवताना विचारलं, "तीन दिवस काय बघताय त्या मोबाइलमध्ये?" मी सांगितलं. मोकळी ओळ, एकेचाळीस नावं, ठकूबाई, सगळं. ती ऐकत राहिली. "म्हणजे तुमच्याकडे एक बटण आहे. ते दाबलं तर त्या बाईला पाणी मिळणार. आणि तुम्ही शुक्रवारपासून ते दाबत नाही."

"तसं नाही ते. त्यात तांत्रिक..."

"वो बुढिया जिना चढून आली, आणि तुम्ही म्हणालात रेंज नाही?"

मी ताटावरच बटण दाबलं. एक मान्यता झाली. दुसरी गोरखरावांची हवी होती, आणि उद्या मंगळवार.

सकाळी मोटारसायकल काढली. साडेनऊला डिंगोऱ्यात पोहोचलो, तर गोरखराव रानात. त्यांचीच बारी चालू होती. गुडघ्यापर्यंत विजार दुमडून टोमॅटोला पाणी देत होते.

"या सर, शिल्पकार!" ते म्हणाले.

मी तो शब्द गिळला आणि त्यांना रिक्वेस्ट समजावून सांगितली. एकदा आरतीच्या भाषेत, एकदा माझ्या. दुसऱ्या वेळी मलाच समजेनाशी झाली. गोरखराव खोऱ्यावर हात ठेवून ऐकत होते. "ते समदं खरं सर. पर सयाजीच्या घरातनं कागद आला, की मी सही करत न्हाई. आमच्या बापानंबी केली न्हाई."

"अहो, यात सयाजीरावांचा काय संबंध? ठकूबाईची बारी तुमच्यानंतर, अकरा ते एक. दोन आठवडे तिला मेसेज नाही, म्हणून ती व्हॉल्व्हवर आली नाही."

गोरखरावांचा हात खोऱ्यावरून निघाला. "आली न्हाई म्हंजी? तिनं रान पडीक टाकलं आसंल, आसं मला वाटलं. अकराला कोन येईना, मग पानी वाया कशाला घालवायचं, म्हनून माझाच व्हॉल्व्ह चालू ठिवला." ते थांबले. "दोन्ही मंगळवारी."

आम्ही ओढा ओलांडून गेलो. ठकूबाई कांद्यात उकिडवी बसून गवत काढत होती. पात शेंड्याकडून पिवळी होऊन आडवी पडायला आली होती, आणि जमिनीला बोट जाईल एवढ्या भेगा. तिच्या घरचं प्यायचं पाणी ती घमेल्यानं दोन वाफ्यांना घालत होती; ते दोन वाफे तेवढे हिरवे होते.

"काकी," गोरखराव म्हणाले, "सांगायचं न्हाई व्हय?"

"कुनाला सांगू? मास्तरला सांगितलं. त्यानी म्हनलं रेंज न्हाई."

गोरखरावांनी माझ्याकडे बघितलं. मी ओढ्याकडे बघितलं. 

ते उलटपावली गेले, आपला व्हॉल्व्ह बंद केला, तिचा उघडला. दहा-सव्वादहाच झाले होते, म्हणजे स्वतःच्या बारीतला पाऊण तास त्यांनी तिला दिला. पाणी सरीत शिरलं तेव्हा मातीनं चुर्र असा आवाज केला.

"काढतो फोन, करतो मान्य," गोरखराव म्हणाले. ओढ्यापलीकडे रेंज नसते, हे माझं म्हणणं एवढं मात्र खरं निघालं. आम्ही दोघं एका खडकावर चढलो. रेंज आली. पान काही उघडेना. सर्व्हर बंद.

मी क्लासात फोन लावला. हौशीरामांनी उचलला. "हो, मीच बंद केला. कुणी बसलेलं नाही आणि कॉम्प्युटर विनाकारण चालू. वीज वाया जात होती."

"हौशीराम, तो सर्व्हर आहे! लगेच चालू करा!"

"करतो. पण तोंडी आदेशावर नको, अन्सारभाई. उद्या काही बिघडलं, तर तुम्ही म्हणाल हौशीरामनं हात लावला."

"बंद करताना कुणाचा आदेश होता?"

"बंद करायला आदेश लागत नाही."

मी खडकावर उकिडवा बसून मोबाइलवर पत्र लिहिलं. ते परत आलं: विषय नव्हता. विषय घातला. गोरखराव माझ्या डोक्यावर सावली धरल्यासारखे उभे होते. "सर," ते म्हणाले, "ह्या मानसाला आमच्या संस्थेत घिऊ नका."

पावणेबाराला सर्व्हर सुरू झाला. गोरखरावांनी स्वतःची रिक्वेस्ट मागे घेतली, आरतीची मान्य केली, आणि जोर लावून बटण दाबलं. मान्य करताना अभिप्रायाची चौकट येते. त्यांनी फोन माझ्या हातात दिला, "तुमी लिव्हा." मी लिहिलं: 'चूक माझी होती. अन्सार.' त्यांनी वाचलं आणि खाली आपल्या हातानं जोडलं, 'आन् थोडी माझी.' मर्ज झाला.

आम्ही खाली आलो. मिनिटाभरात राहून गेलेला मेसेज सुटला असावा. ठकूबाईचं घर उंचवट्यावर आहे, तिथे रेंज पोहोचते. ओट्यावर ठेवलेला तिचा फोन वाजला.

ती पाण्यात उभी होती, घोट्यापर्यंत. फोनचा आवाज ऐकताच तिनं हातातलं खोरं टाकलं, पदर खोचला आणि व्हॉल्व्हच्या दिशेनं पळत सुटली.

"काकी, कुटं?" गोरखराव ओरडले.

"बारी आली! फोन वाजला!"

"अवं पानी आलंय की! तुमी पान्यातच हुब्या हायसा!"

ती थांबली. खाली बघितलं. मग ओल्या पायांनी फोन घेऊन आली आणि माझ्यापुढे धरला. "वाचा बरं, काय म्हनतंय."

मी माझाच मजकूर मोठ्यानं वाचला. सन्माननीय सभासद, आपणांस कळविण्यात येते की. तिनं तो मान लावून ऐकला. "एवढं आसतं व्हय त्यात?" ती म्हणाली. "मला वाचता येत न्हाई मास्तर. फोन वाजला, की मी व्हॉल्व्हवर जाऊन बसायची. येवढंच."

वर्षभर. माझं 'असून' तिच्यापर्यंत कधी पोहोचलंच नव्हतं.

घरी आल्यावर मी माझी स्वतःची पहिली पुल रिक्वेस्ट टाकली: ठकूबाईंना मेसेज न पाठवता फोन जावा, आणि त्यात माझा ध्वनिमुद्रित आवाज असावा. सयाजीरावांनी ती आधी आरतीला बघायला दिली, आणि तिनं ती दोनदा परत पाठवली. एकदा, 'सर, आवाज फार चढा आहे, त्या घाबरतील.' दुसऱ्यांदा, 'सर, "कळविण्यात येते की" काढा.' मी काढलं. तिसऱ्यांदा मान्य झाली. हिरवं चिन्ह आलं, तेव्हा मी ते सिताराला दाखवलं. ती म्हणाली, "अच्छा है," आणि या वेळी कपाळाला हात लावला नाही.

पुढच्या मंगळवारी संध्याकाळी सयाजीरावांचा फोन. "अन्सारभाई, ठकूबाई तुमच्यावर लई रुसलीय."

"का? फोन गेला नाही?"

"ग्येला की. ती म्हनती, मास्तर फोन करत्यात, पर माझं आयकूनच घेत न्हाईत. मी इचारलं घरची बरी हायत का, तर म्हनत्यात व्हॉल्व्हजवळ या. मी म्हनलं कांदा सुधारला, तर म्हनत्यात व्हॉल्व्हजवळ या. आन् मग फोन आपटला."

त्या दिवसापासून ठकूबाईला मी स्वतः फोन करतो. प्रोग्रॅममध्ये तिच्या नावापुढे आता मेसेज नाही आणि ध्वनिमुद्रणही नाही, नुसती एक टीप आहे, तीही रीतसर रिक्वेस्ट टाकून घातलेली: 'यांना सर स्वतः फोन करतात. साडेदहाऐवजी दहाला, कारण बोलणं अर्धा तास चालतं.' तपासणारे सयाजीराव आणि गोरखराव. दोघांनी एका तासाच्या आत मान्य केली.